ग्रामीण पाणीपुरवठा व हातपंप

खेड्यापाड्यांतील वस्त्यांना पिण्यासाठी व घरगुती वापरासाठी आरोग्यास निर्धोक असे पाणी बारमाही मिळावे, म्हणून केलेल्या व्यवस्थेस ग्रामीण पाणीपुरवठा असे म्हणतात. आशिया व आफ्रिका खंडांतील विकसनशील देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही व्यवस्था मुख्यत्वे विंधन विहीर व तीवर बसविलेला हातपंप यांवर उभी राहिली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हातपंपास ‘हापसा’ किंवा ‘हापशी’ असे म्हणतात. या पंपाच्या विकासाचा महाराष्ट्रातील जालना व सोलापूर या दोन ठिकाणांशी निकटचा संबंध आहे. पंप बसविणे तुलनेने सोपे, परंतु तो वर्षानुवर्षे चालू ठेवणे अवघड, हा या इतिहासातून निघणारा प्रमुख निष्कर्ष होय. त्यामुळे हातपंपाचा इतिहास हा यंत्राच्या सुधारणेचा जेवढा आहे, तेवढाच देखभालीच्या जबाबदारीचाही आहे.

पूर्वपीठिका : भारतातील खेडी परंपरेने नदीतील झरे, तळी, आड, विहिरी व पायऱ्यांच्या बारवा यांवर अवलंबून होती. मोट व रहाट ही साधने प्रामुख्याने शेतीसाठी वापरीत. घरचे पाणी पोहऱ्याने शेंदून आणले जाई व हे काम बहुतांशी स्त्रियांकडे असे. उघड्या पाणवठ्यांतील पाणी सहज दूषित होई. पटकी, विषमज्वर, हगवण या रोगांचा प्रसार त्यातून होत असे. पायऱ्यांच्या विहिरींचा नारू या रोगाशी प्रत्यक्ष संबंध होता. नारू झालेली व्यक्ती पाण्यात उतरली, की कृमीची पिले पाण्यात मिसळत, सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी प्राण्याच्या शरीरात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात प्रवेश करीत. भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरी बदलणे, पाणी गाळून पिणे आणि हातपंप बसविणे हे त्याचे महत्त्वाचे भाग होते. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित करण्यात आले.

पाणवठ्याचा प्रश्न केवळ आरोग्याचा नव्हता. गावाच्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या जातींना मज्जाव असे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० मार्च १९२७ रोजी महाड येथील चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. पुढील काळात विंधन विहीर कोणत्या वस्तीत घ्यावयाची, हा निर्णय गावोगावी महत्त्वाचा ठरला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. शासकीय निकषांत अनुसूचित जाती व जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम देण्यात आला, तो याच कारणाने.

अवर्षण व विंधन यंत्रे : मोठ्या प्रमाणावरील विंधन कार्यक्रमास चालना मिळाली ती अवर्षणामुळे. १९६५–६६ व १९६६–६७ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस अपुरा झाल्याने बिहार व उत्तर प्रदेशाच्या काही भागांत पाण्याचे तीव्र दुर्भिक्ष निर्माण झाले. यूनिसेफने १९६७ मध्ये संपीडित हवेवर चालणारी विंधन यंत्रे भारतात आणली. या यंत्रांत आघात करणारा हातोडा विवराच्या तळाशी, छिन्नीच्या लगत असतो. त्यामुळे कठीण खडक जलद फुटतो. जुन्या आघाती यंत्रास जे विवर खोदण्यास कित्येक आठवडे लागत, ते नव्या यंत्राने एकदोन दिवसांत पूर्ण होऊ लागले.

द्वीपकल्पीय भारताच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता. गंगेच्या गाळाच्या मैदानात पाणी थोड्या खोलीवर व मऊ थरांत मिळते. दख्खनच्या पठारावर मात्र ते बेसाल्टाच्या किंवा ग्रॅनाइटाच्या भेगांत व विदीर्ण थरांत साठलेले असते. महाराष्ट्राच्या सु. चार-पंचमांश भूभागावर दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट खडक पसरलेला आहे. खोदलेली विहीर साधारणतः वरच्या विदीर्ण थरापर्यंतच पोहोचते आणि उन्हाळ्यात आटते. विंधन विहीर त्याखालील भेगांपर्यंत पोहोचू शकते. १९७२ च्या भीषण दुष्काळात हे प्रकर्षाने जाणवले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. केंद्र शासनाचा वर्धित वेग ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमही १९७२–७३ मध्ये सुरू झाला.

बिडाचे पंप व त्यांचे अपयश : विवरे वेगाने होऊ लागली, परंतु त्यांवर बसविण्यास योग्य पंप उपलब्ध नव्हता. वातावरणाच्या दाबामुळे शोषण पंप व्यवहारात सु. ७ मी.पेक्षा अधिक खोलीचे पाणी उचलू शकत नाही. त्यापेक्षा खोल पाण्यासाठी दट्ट्या व सिलिंडर पाण्याच्या पातळीखाली ठेवून दट्ट्या लांब गजाने वरखाली करावा लागतो [⟶ पंप]. बाजारात मिळणारे असे पंप यूरोप व अमेरिकेतील शेतवाड्यांवरील पंपांच्या नमुन्यावर बिडाचे ओतलेले होते. त्यांचा मूळ उपयोग एका कुटुंबापुरता होता.

भारतातील पंपावर पडणारा भार किती वेगळा होता, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. शासकीय निकषानुसार २५० माणसांमागे एक पंप व दरडोई दररोज ४० लि. पाणी धरले, तर एका पंपाने दिवसाला १०,००० लि. पाणी उपसले पाहिजे. दर झोक्यास सु. ०·४ लि. पाणी येते असे मानल्यास दिवसाला २५,००० व वर्षाला सु. ९० लाख झोके होतात. हा भार बिडाच्या पंपाच्या सांध्यांना व खिळींना सोसत नसे. खिळी झिजत, दांडा आडवा हलू लागे, गज एका बाजूस ओढला जाऊन तुटे आणि अखेर बिडाचा सांगाडा फुटे. पंपाची बैठक पक्की नसल्याने सांडलेले पाणी पुन्हा विवरात झिरपे. १९७० च्या दशकाच्या मध्यास केलेल्या पाहणीत बसविलेल्या पंपांपैकी सु. तीन-चतुर्थांश पंप बंद असल्याचे आढळून आले. लक्षावधी रुपये खर्चून खोदलेली विवरे त्यामुळे निरुपयोगी ठरत होती आणि गावकरी पुन्हा जुन्या पाणवठ्याकडे वळत होते. कार्यक्रम पुढे चालू ठेवावा किंवा नाही, असाच प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला.

जालना व सोलापूर पंप : या प्रश्नाचे उत्तर प्रथम मराठवाड्यात सापडले. जालना (त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात) येथील ख्रिस्ती मिशनच्या विंधन कार्यक्रमातील कार्यकर्त्यांनी बिडाऐवजी पोलादाचा व अनेक सांध्यांऐवजी एकाच टेकूवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप १९६० च्या दशकात तयार केला. गावकऱ्यांच्या वापरात काय मोडते, हे त्यांना रोज पाहावयास मिळत होते. रचनेतील सुधारणा त्या निरीक्षणातूनच झाल्या. याच धर्तीवर सोलापूर येथील कार्यशाळेत अधिक मजबूत पंप बनविण्यात आला. दांड्याच्या पुढील टोकास वर्तुळखंडाचा आकार देऊन त्यावरून साखळी सोडणे, हे या पंपांचे वैशिष्ट्य होय. दांडा कमानीत फिरला, तरी साखळीमुळे गज नेहमी उभ्या रेषेतच वरखाली होतो. परिणामी गज वाकणे व तुटणे पुष्कळच कमी झाले.

इंडिया मार्क-२ : सोलापूर पंप टिकाऊ होता, परंतु त्याचे सर्व भाग मोठ्या प्रमाणावर व एकसारख्या मापांत बनविणे सोपे नव्हते. म्हणून भारत सरकार, यूनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास (विद्यमान चेन्नई) येथील यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन व विकास संस्था यांच्या सहकार्याने त्या नमुन्यात सुधारणा करण्यात आल्या. कोईमतूर भागातील खोल विवरांवर चाचण्या घेतल्यानंतर मद्रास येथील रिचर्डसन अँड क्रुडास या शासकीय मालकीच्या कारखान्यात १९७७–७८ च्या सुमारास उत्पादन सुरू झाले. हाच ‘इंडिया मार्क-२’ पंप होय. भारतीय मानक संस्थेने १९७९ मध्ये त्याचे मानक (आयएस ९३०१) प्रसिद्ध केले. या रचनेवर कोणाचेही एकस्व ठेवण्यात आले नाही. त्यामुळे मानकाप्रमाणे माल देणारा कोणताही कारखाना तो बनवू शकला. ठिकठिकाणच्या कारखान्यांत बनलेले सुटे भाग परस्परांच्या जागी बसू लागले. खरेदीपूर्वी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करण्याची पद्धतही रूढ झाली.

या पंपाचे जमिनीवरील डोके, पाण्याची टाकी व बैठक असे तीन भाग असून ते पोलादी व जस्ताचा मुलामा दिलेले असतात. बैठक काँक्रीटच्या ओट्यात पक्की पुरलेली असते. ती विवराच्या नळीस वरून झाकते व सांडपाणी आत जाऊ देत नाही. दांड्याची तरफ सु. ८:१ या प्रमाणात असून तो बंदिस्त गोळीधारव्यांवर फिरतो. सिलिंडराचा आतील व्यास ६३·५ मिमी. व झोक्याची लांबी १२५ मिमी. असते. मिनिटास ४० झोके दिल्यास सु. १५ लि. पाणी मिळते. पाणी ३० मी. खोल असल्यास दट्ट्यावर पाण्याचा भार सु. ९५ किग्रॅ. पडतो, परंतु तरफेमुळे दांड्याच्या टोकाशी सु. १२ किग्रॅ. जोर पुरतो. भरीव पोलादी दांड्याचे वजन गजाच्या वजनास प्रतितोल देते. साखळी केवळ ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून गज स्वतःच्या वजनाने खाली जावा लागतो आणि पाणी फार उथळ असल्यास हा पंप नीट चालत नाही. साधारणपणे ५० मी.पर्यंतच्या खोलीसाठी तो वापरतात.

देखभाल व्यवस्था : मार्क-२ पंप क्वचित बिघडतो, परंतु बिघाड जमिनीखाली झाल्यास दुरुस्ती अवघड असते. दट्ट्याच्या चामडी वाट्या बदलावयाच्या असल्या, तरी सर्व नळ वर काढावे लागतात. त्यासाठी खास अवजारे, वाहन व चार-सहा माणसे लागतात. म्हणून तमिळनाडूत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्रिस्तरीय पद्धत सुरू करण्यात आली. गावातील एक स्वयंसेवक पंपाचे नट आवळणे, साखळीस वंगण देणे व परिसर स्वच्छ ठेवणे ही कामे करी. गटपातळीवर एक यांत्रिक असे. जिल्हा पातळीवरील फिरते पथक जमिनीखालील दुरुस्ती करी. पंप बंद पडल्यास स्वयंसेवकाने पत्ता छापलेले पोस्टकार्ड टाकावयाचे, अशी योजना होती. या पद्धतीत खरा विलंब होई तो पथकाची वाट पाहण्यात. वाहन नादुरुस्त असणे, इंधन वा सुटे भाग नसणे, अशा कारणांनी आठवडेच्या आठवडे जात.

याला पर्याय राजस्थानात पुढे आला. अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक कार्य व संशोधन केंद्राने गावातीलच अल्पशिक्षित तरुणांना प्रशिक्षण देऊन ‘हातपंप मिस्त्री’ तयार केले. एका मिस्त्रीकडे आसपासच्या ठराविक पंपांची संपूर्ण जबाबदारी असे. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमाखाली ग्रामीण स्त्रियांनी हे काम शिकून घेतले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया दलित व निरक्षर होत्या. पंप बंद पडल्याने ज्यांना दूरवर पायपीट करावी लागते, त्यांच्याच हाती पाना देण्याचा हा प्रयोग होता. दुरुस्तीचे ज्ञान हे केवळ अभियंत्याचे क्षेत्र नाही, हे या दोन्ही उपक्रमांनी दाखवून दिले. मात्र मिस्त्रीचे मानधन कोणी व कशातून द्यावयाचे, हा प्रश्न त्यांनाही सुटला नाही.

आंतरराष्ट्रीय दशक व नवे पंप : अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे मार्च १९७७ मध्ये भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या जलपरिषदेच्या शिफारशीनुसार १९८१–९० हे आंतरराष्ट्रीय पेयजल पुरवठा व स्वच्छता दशक म्हणून पाळण्यात आले. या काळात संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम व जागतिक बँक यांनी अनेक देशांतील हातपंपांच्या प्रयोगशाळेत व प्रत्यक्ष गावांत चाचण्या घेतल्या. गावपातळीवर व गावकऱ्यांच्याच हातांनी देखभाल करता येईल असा पंप असावा, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. कोईमतूर येथील चाचण्यांतून ‘इंडिया मार्क-३’ विकसित करण्यात आला. याचा उभा नळ सिलिंडरापेक्षा रुंद (६५ मिमी.) असल्याने नळ न काढता दट्ट्या वरून काढता येतो. चामडी वाट्यांच्या जागी नायट्राइल रबराच्या वाट्या आल्या. तथापि रुंद नळ महाग व जड असल्याने मार्क-२ चा वापर मोठ्या प्रमाणावर चालूच राहिला.

आफ्रिकेत मार्क-२ ची मोठ्या प्रमाणावर निर्यात झाली. युगांडाने त्याच्या स्थानिक रूपास ‘यू-२’ असे नाव दिले. केन्या व मालावी या देशांत १९८० च्या दशकात ‘आफ्रिदेव’ हा प्लॅस्टिक नळांचा पंप तयार झाला. झिंबाब्वेत १९३३ पासून प्रचारात असलेला ‘बुश पंप’ लाकडी ठोकळ्याचा धारवा वापरतो. त्याची सुधारित आवृत्ती त्या देशाचा राष्ट्रीय पंप बनली. पश्चिम आफ्रिकेतील काही भागांत भूजल आम्लधर्मी असल्याने मार्क-२ चे जस्तलेपित नळ लवकर गंजले, पाण्यास लोखंडाची चव व तांबूस रंग आला आणि स्त्रिया पुन्हा तळ्याचे पाणी नेऊ लागल्या. एका देशात यशस्वी झालेले यंत्र दुसऱ्या देशातील पाणी, बाजारपेठ व सुट्या भागांची उपलब्धता यांचा विचार न करता नेल्यास काय होते, याचे हे उदाहरण आहे. २००९ मधील एका अंदाजानुसार सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांतील सु. एक-तृतीयांश हातपंप बंद होते. यूरोपीय व अन्य देणगीदारांच्या प्रकल्पांत पंप बसविण्यास पैसा असे. पुढील वीस वर्षांच्या दुरुस्तीस तो नसे.

पाण्याची गुणवत्ता : विंधन विहिरीचे पाणी जंतूंपासून बहुतांशी सुरक्षित असते, त्यावरून ते सर्वथा निर्दोष असते, असा समज दृढ झाला. बांगला देशात या समजुतीची फार मोठी किंमत मोजावी लागली. तेथे उथळ कूपनलिका व बिडाचे शोषण पंप लाखोंच्या संख्येने बसविण्यात आले व हगवणीसारख्या रोगांविरुद्धचा तो उपाय मानला गेला. परंतु गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील तरुण गाळात नैसर्गिक आर्सेनिक असते व प्राणवायूच्या अभावी ते पाण्यात विरघळते. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकजन्य त्वचारोगाचे रुग्ण १९८३ मध्ये आढळले. बांगला देशातील कूपनलिकांत आर्सेनिक असल्याचे १९९३ मध्ये निश्चित झाले. १९९८–९९ मधील राष्ट्रीय पाहणीत १५० मी.पेक्षा कमी खोलीच्या २७ टक्के कूपनलिकांत आर्सेनिकाचे प्रमाण त्या देशाच्या मर्यादेपेक्षा (लिटरला ०·०५ मिग्रॅ.) अधिक आढळले. त्यानंतर सु. ५० लाख कूपनलिका तपासून सुरक्षित पंपांना हिरवा व असुरक्षित पंपांना तांबडा रंग देण्यात आला. तांबडा पंप म्हणजे पाणी आहे, पण पिण्याजोगे नाही. अशा कुटुंबांना शेजारच्या हिरव्या पंपाच्या मालकावर अवलंबून राहावे लागले.

भारतात फ्ल्युओराइडाचा प्रश्न जुना आहे. नेल्लोर जिल्ह्यातील हाडांच्या विकारांचा वृत्तांत १९३७ मध्येच प्रसिद्ध झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने फ्ल्युओराइडाची मर्यादा लिटरला १·५ मिग्रॅ. ठरविली आहे. कठीण खडकांच्या प्रदेशांत विवर जसजसे खोल जाते, तसतसे हे प्रमाण अनेक ठिकाणी वाढते. म्हणून नवे विवर घेताना व नंतरही ठराविक काळाने रासायनिक तपासणी आवश्यक ठरते.

भूजलाची घट व नळयोजना : हातपंप दिवसाकाठी फार थोडे पाणी उपसतो. शेतीसाठी विद्युत् पंप बसविलेली विंधन विहीर त्याच्या अनेक पट पाणी काही तासांत काढते. ग्रामीण विद्युतीकरणानंतर एकाच खडकातील पाण्यावर या दोहोंची स्पर्धा सुरू झाली आणि तीत हातपंप मागे पडला. पंप सुस्थितीत, पण विवर कोरडे, अशी स्थिती अनेक गावांत उन्हाळ्यात दिसू लागली. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांचे रक्षण करणारा भूजल अधिनियम केला व २००९ मध्ये अधिक व्यापक अधिनियम संमत केला. टंचाईच्या काळात विंधन विहिरींची विशेष दुरुस्ती, उच्च दाबाच्या पाण्याने खडकातील भेगा मोकळ्या करण्याची जलभंजन पद्धत, तात्पुरत्या पूरक नळयोजना व टँकर यांचा अवलंब करण्यात येतो. परंतु टंचाई निवारणाचे हे उपाय भूजलाच्या पुनर्भरणास पर्याय ठरत नाहीत.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींकडे सोपविण्याजोग्या विषयांच्या अकराव्या अनुसूचीत समाविष्ट झाला. २००२ मध्ये सुरू झालेल्या स्वजलधारा योजनेत गावाने भांडवली खर्चाचा वाटा उचलावा व देखभालीचा पूर्ण खर्च करावा, असे तत्त्व होते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन अभियानाने सार्वजनिक पंपाऐवजी घरोघरी नळ व दरडोई दररोज ५५ लि. पाणी हे उद्दिष्ट ठेवले. त्या वेळी देशातील सु. १७ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे नळजोडणी होती. नळामुळे पाणी वाहून आणण्याचे कष्ट वाचतात, हे निर्विवाद आहे. मात्र बहुसंख्य लहान नळयोजनांचा उद्भव भूजलच असतो. शिवाय वीज, पंपचालक, शुद्धीकरण व पाणीपट्टी यांची त्यात भर पडते. म्हणून देखभालीचा प्रश्न नळयोजनेत अधिक गुंतागुंतीचा होतो. महाराष्ट्रातील दुर्गम वस्त्यांत एकाच विंधन विहिरीवर हातपंप व सौर ऊर्जेवरील पंप असे दुहेरी पंप बसविण्यात आले आहेत. सौर पंप बंद पडला, तरी हातपंपावर वस्तीची निकड भागते.

मूल्यमापन : ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या इतिहासात अपयशाची कारणे तीन टप्प्यांत बदलत गेलेली दिसतात. प्रारंभी यंत्र दुबळे होते; मार्क-२ ने ती उणीव दूर केली. त्यानंतर दुरुस्तीची व्यवस्था अपुरी ठरली. मिस्त्री व गावसमित्यांनी ती अंशतः भरून काढली. पुढे पाणीच आटले किंवा दूषित आढळले. यावर केवळ पंप सुधारून उपाय होऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी सुरक्षित पेयजल हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. हा हक्क गावपातळीवर प्रत्यक्षात येण्यासाठी उद्भवाचे संरक्षण, पाण्याची नियमित तपासणी, सुट्या भागांचा खात्रीचा पुरवठा, दुरुस्ती करणाऱ्यास वेळेवर मोबदला आणि स्त्रिया व उपेक्षित वस्त्या यांचा निर्णयातील सहभाग या पाच गोष्टी आवश्यक आहेत. यांपैकी एकीची जरी उणीव राहिली, तरी उत्तम पंपही काही वर्षांत ओट्यावरचे निकामी लोखंड होऊन राहतो. बंद हातपंपांची संख्या हीच म्हणून या व्यवस्थेच्या यशापयशाची सर्वांत विश्वसनीय मोजणी मानता येईल.